आठ गोळ्यांचं कडं

जपानमधल्या मिस्टर डोनटच्या बऱ्याच दुकानांत ट्रे आणि चिमटा घेऊन आपले डोनट आपणच उचलायचे असतात. त्या फळ्यांवर एक डोनट लांबूनही ओळखता येतो. आठ छोटे गोळे एकमेकांना चिकटून झालेलं कडं आणि वर साखरेच्या पाकाचा पातळ पापुद्रा. त्याचं नाव पॉन दे रिंग. २००३ साली तो विकायला आला आणि तेव्हापासून या दुकानांची ओळख होऊन बसला. मुलं तो सहसा चावून खात नाहीत, एकेक गोळा तोडून खातात. तोडताना गोळा चटकन सुटत नाही. आधी थोडा ताणला जातो, मग तुटतो. दाताखाली दबतो आणि पुन्हा वर येतो. अमेरिकी डोनटचा भुसभुशीतपणा किंवा पावासारखा फुगीरपणा त्यात नाही. ही लवचिकता हीच त्याची चव, असं म्हटलं तरी चालेल, कारण बाकी त्यात फक्त गोडवाच असतो.

हा डोनट आता जगभर घरोघरी केला जातो. आपल्याकडेही हौशी मंडळी करून बघतात, आणि बहुतेकांची सुरुवात मोदकासाठी आणलेल्या तांदळाच्या पिठीने होते. कणिक नीट मळली जाते, कडंही छान वळलं जातं. तळून बाहेर आलेला डोनट मात्र गरम असताना खुसखुशीत आणि गार झाल्यावर खडा लागतो. करणाऱ्याला वाटतं, आपला हात चुकला. हात चुकलेला नसतो, तांदूळ चुकलेला असतो. या पदार्थाबद्दल मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच, पण ते नीट सांगायचं तर बरंच फिरून यावं लागतं.

मिस्टर डोनटची सुरुवात अमेरिकेतली. बॉस्टनच्या परिसरात हॅरी विनोकर यांनी पन्नाशीच्या दशकात ही दुकानं काढली. डंकिन डोनट्स सुरू करणारे विल्यम रोझेनबर्ग त्यांच्या नात्यातले, आणि आधी दोघे एकाच धंद्यात होते. पुढे दुकानांचं हे जाळं जपानला नेलं ते डस्किन या ओसाकाकडच्या कंपनीने. डस्किनचा मूळ व्यवसाय घरोघरी साफसफाईची फडकी भाड्याने देण्याचा. ठरावीक दिवसांनी माणूस यायचा, मळलेलं फडकं न्यायचा आणि स्वच्छ फडकं ठेवून जायचा. कंपनीचे संस्थापक सुझुकी सेइइची यांनी अमेरिकेतून डोनटचे हक्क आणले आणि १९७१ मध्ये ओसाकाजवळच्या मिनो इथे पहिलं दुकान उघडलं. अमेरिकेतली बहुतेक मिस्टर डोनट दुकानं नव्वदच्या दशकात डंकिनमध्ये विरून गेली. जपानमध्ये उलटं झालं. तिथून डंकिनने गाशा गुंडाळला आणि मिस्टर डोनट गल्लोगल्ली रुजलं.

पॉन दे रिंगची लवचिकता मात्र अमेरिकेतली नाही, आणि मुळात जपानमधलीही नाही. ती ब्राझीलची आहे. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात कसाव्याच्या पिठापासून चीज घातलेले छोटे गोल पाव करतात, पाओं दे केजू. बाहेरून पातळ कवच, आतून ओढलं की तार यावी असा मऊ लगदा. १९०८ मध्ये कासातो मारू नावाचं जहाज कोबेहून ७८१ जपानी स्थलांतरितांना घेऊन ब्राझीलच्या सांतुस बंदराला लागलं. कॉफीच्या मळ्यांवर राबायला गेलेली ही माणसं तिथेच स्थिरावली. ८० वर्षांनी वारं उलटं फिरलं. जपानमध्ये कारखान्यांना माणसं मिळेनात, म्हणून १९९० मध्ये कायदा बदलून परदेशस्थ जपान्यांच्या मुला-नातवंडांना तिथे राहून काम करण्याची मुभा दिली गेली. हामामात्सु, ओइझुमी अशा कारखानदारीच्या गावांत ब्राझीलची माणसं आली, आणि पुढे त्यांची संख्या तीन लाखांवर गेली. त्याच काळात हा चीजचा पाव जपानच्या बेकऱ्यांमध्ये लोकप्रिय झाला. मिस्टर डोनटने त्यावरूनच बेत आखला. मैद्याच्या डोनटमध्ये टॅपिओका, म्हणजे कसाव्याचा स्टार्च, मिसळला.

म्हणजे ज्याची नक्कल म्हणून आपण तांदळाचं पीठ शोधत फिरतो, तो मूळ डोनट तांदळाचा नाहीच. तांदूळ त्यात आला तो जपानी घरांमधून. टॅपिओका स्टार्च प्रत्येक घरात नसतो. शिराताम्याचं, म्हणजे चिकट तांदळाचं, पीठ मात्र बऱ्याच फडताळांत असतं, कारण उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्यात सोडायचे, गोड लाल बीन्सबरोबर खायचे पांढरे गोळे त्याचेच करतात. दुकानातला लवचिक डोनट घरी करायचा तर हातातलं सगळ्यात लवचिक पीठ हेच. कुणा एकाच्या डोक्यातून निघालेली ही पाककृती नाही. घराघरांतल्या बायकांनी ती हळूहळू घडवली, आणि म्हणूनच मला ती दुकानातल्या डोनटपेक्षा जास्त मोलाची वाटते.

शिरातामा-को हे पीठ जवळून बघण्यासारखं असतं. पाकीट फोडलं की पीठ दिसतच नाही. दिसतात पांढरे, ओबडधोबड, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे खडे. चिमटीत दाबले की त्यांची भुकटी होते. ते असं दिसण्याचं कारण त्याच्या करण्यात आहे. चिकट तांदूळ धुऊन भिजत घालतात आणि पाण्यासकट दळतात. ते दूधट पाणी निवळलं की तळाशी बसलेला साका गाळून, दाबून वाळवतात. पूर्वी हे काम ऐन थंडीत, गार पाणी पुन्हा पुन्हा बदलत चालायचं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलणाऱ्या घरात वाढलेल्या कुणालाही यातला विचार लगेच कळेल. पाण्यातून गेलेला तांदूळ कोरड्या दळलेल्या तांदळापेक्षा बारीक आणि मऊ होतो, आणि त्याची कणी उष्णतेने फारशी खराब होत नाही. कोरडं दळलेलं चिकट तांदळाचं पीठही जपानमध्ये मिळतं, त्याला मोची-को म्हणतात. साध्या तांदळाचं जोशिन-को हे तिसरं. आपली पिठी या तिसऱ्याच्या जवळची.

या तिघांमधला फरक स्टार्चचा आहे. तांदळाच्या दाण्यातल्या स्टार्चचे दोन भाग असतात. अमायलोज म्हणजे सरळ, लांब साखळी. अमायलोपेक्टिन म्हणजे झाडासारखी फांद्या फुटलेली साखळी. आपल्या मोकळा भात होणाऱ्या जातींमध्ये अमायलोजचं प्रमाण साधारण पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतं. जपानच्या रोजच्या भाताच्या तांदळात ते त्याहून कमी. मोचीच्या चिकट तांदळात ते जवळजवळ शून्य असतं. एका जनुकातल्या बदलामुळे त्या दाण्यात अमायलोज तयारच होत नाही. शिजताना दोन्ही भाग पाणी पितात, पण गार होताना सरळ साखळ्या पटापट एकमेकींशेजारी रचल्या जातात, घट्ट बसतात आणि पदार्थ टणक होतो. फांद्यांच्या साखळ्यांना अशी रांग लावायला वेळ लागतो, म्हणून त्या बराच काळ मऊ आणि ताणल्या जाणाऱ्या राहतात. उकडीचे मोदक गरमच खायचे, हे घरातली मोठी माणसं सांगतात त्यामागेही हेच आहे. आंबेमोहोराची पिठी असली तर आवरण थोडा वेळ मऊ राहतं, पण तेही अखेर आवळतंच.

पुण्याचा इथे एक धागा आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. त्या ओकायामाहून लोक आप्तांना भेट म्हणून आणतात ती किबिदांगो, बोटाच्या पेराएवढी मऊ मिठाई. तीसुद्धा चिकट तांदळाच्या पिठाचीच, भरपूर साखर घालून घोटलेली. ती कित्येक दिवस मऊ राहते ती साखरेमुळे. साखर पाणी धरून ठेवते आणि स्टार्चला घट्ट बसू देत नाही. डोनटच्या कणकेतली साखर चवीपुरती आहे असं समजून ती कमी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

घरचा डोनट नीट पाहिला तो तोक्योतल्या निशी-कासाई भागात, माझ्या मावसबहिणीकडे. या वस्तीत भारतीय बरेच, मराठीही पुष्कळ. ताई अंडं खात नाही. जपानी बेकरीत तिला निवडायला फारसं काही उरत नाही, म्हणून शेजारणीकडून ती हे शिकली. ओट्यावर तीनच वस्तू होत्या. शिरातामा-को १०० ग्रॅम, रेशमी टोफू १५० ग्रॅम आणि पॅनकेकसाठी मिळणारं तयार मिश्रण १५० ग्रॅम. त्या मिश्रणात मैदा, साखर आणि बेकिंग पावडर असतेच.

आधी तिने फक्त शिरातामा-को आणि टोफू एकत्र केलं. पीठ चाळून घेतलं नाही, टोफू दाबून पाणी काढलं नाही. बोटांनी खडे चुरत राहिली. सुरुवातीला वाळूत दही कालवावं तसं खरखरीत लागत होतं. मग खडे पाणी पीत गेले आणि मिश्रण गुळगुळीत झालं.

“पाणी घालू?” मी वाटी पुढे केली.

“थेंबभरही नको गं. टोफूत आहे तेवढंच. आधी हे खडे पूर्ण विरघळू देत, मगच मैद्याचं. उलटं केलंस तर खडे तसेच राहतात आणि तळताना दाताखाली येतात.”

पॅनकेकचं तयार मिश्रण घातल्यावर तिने ते मळलं नाही, नुसतं एकत्र आणलं. जास्त मळलं तर मैद्यातलं ग्लुटेन जागं होतं आणि डोनट पावासारखा होतो. चिकट तांदळात ग्लुटेन नसतंच. मग तिने कणकेचा तुकडा चिमटीत धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या कानाची पाळी. “हं. पाळीइतकं मऊ झालं की झालं. इथे सगळ्या बायका असंच बघतात.” शिराताम्याच्या सगळ्याच पदार्थांसाठी जपानी स्वयंपाकघरात हेच माप आहे. टोफूच्या प्रत्येक डब्यात पाणी वेगळं असतं, त्यामुळे ग्रॅमवर भरवसा ठेवून भागत नाही. पाळी मात्र सगळ्यांकडे असते.

चारशे ग्रॅम कणकेचे तिने छोटे छोटे गोळे केले, एकेक सहा ग्रॅमच्या आसपास. सगळे एकाच आकाराचे, भेग नसलेले. ओव्हनच्या कागदाचे तळव्याएवढे चौकोन कापून ठेवले होते. प्रत्येकावर आठ गोळे गोलाकार, एकमेकांना जेमतेम टेकतील असे मांडले. टेकण्याच्या जागी बोटाने पाण्याचा ओला ठिपका. मग कागदासकट कडं तेलात. हे मला फार आवडलं. कच्चं कडं हाताने उचललं तर हमखास विस्कटतं. कागदावरून ते तसंच्या तसं तरंगत जातं, आणि अर्ध्या मिनिटात खालची बाजू सुटली की चिमट्याने कागद काढून घ्यायचा. तेलाचं तापमान १६० ते १७० अंश. कढईच्या तळाशी लाकडी चॉपस्टिक टेकवली की तिच्या टोकाशी बारीक बुडबुडे शांतपणे येत राहतात, तेवढं तेल पुरे. गोळे हळूहळू फुगतात, एकमेकांत रुततात, बदामी होतात. तीन-चार मिनिटं लागतात, मध्ये एकदाच उलटायचं. गरम असतानाच पिठीसाखरेच्या पातळ पाकात बुडवून जाळीवर. काही कड्यांवर तिने पाकाऐवजी किनाको, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, साखर मिसळून भुरभुरलं. किनाकोला भाजणीसारखा खमंग वास असतो. मला पाकापेक्षा तेच जास्त भावलं.

टोफू का, हा प्रश्न साहजिक आहे. त्याची चव तर डोनटमध्ये कळतही नाही. टोफू पाणी देतो, पण ते प्रथिनांच्या जाळीत अडकवून देतो, त्यामुळे तेलात ते एकदम बाहेर फुटत नाही आणि डोनट दुसऱ्या दिवसापर्यंत ओलसर राहतो. अंड्याचं थोडं कामही तो करतो. जपानमध्ये टोफूवाल्यांच्या सोयाबीनच्या चोथ्याचे आणि दुधाचे डोनट विकणारी दुकानंसुद्धा आहेत.

आता धोक्याचं बोलायला हवं, कारण उत्साहात हा भाग सुटतो आणि माणूस भाजतं. चिकट तांदळाची कणिक तेलात फुटू शकते. साबुदाण्याचा वडा कढईत फटकन फुटून तेल उडतं, ते ज्याने पाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही, आणि कारणही तेच आहे. पीठ गरम झालं की त्याचा बाहेरचा थर लवकर शिजून लवचिक, भोक नसलेलं आवरण होतो. आतलं पाणी वाफ होऊ लागतं आणि तिला जागा हवी असते. आवरण काही वेळ ताणलं जातं, मग एकदम फाटतं. म्हणून नुसत्या शिराताम्याचे गोळे तेलात कधीच सोडू नयेत. मैदा असला की कवचाला बारीक छिद्रं राहतात आणि वाफ निघून जाते. गोळे लहान ठेवायचे, वळताना आत हवेची घडी अडकू द्यायची नाही, तेल फार तापवायचं नाही, आणि गोळे तपकिरी व्हायची वाट बघत कढईत विसरायचे नाहीत. जास्त वेळ तळणं हे फुटण्याचं मोठं कारण असतं. मुलांना गोळे वळायला जरूर बसवावं, गॅसजवळ मात्र नको.

महाराष्ट्रात बसून हे करायचं तर पीठ कुठलं घ्यावं? पुण्या-मुंबईत आशियाई जिन्नस ठेवणाऱ्या दुकानांत थायलंडचं एरावान कंपनीचं पीठ मिळतं, पाकिटावर तीन सोंडांचा हत्ती. हिरव्या अक्षरांचं घ्यायचं, ते चिकट तांदळाचं. लाल अक्षरांचं साध्या तांदळाचं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि घाईत लाल उचललं जातं. थाय पीठ शिराताम्यापेक्षा बारीक असतं, पाणी वेगळ्या प्रमाणात पितं, म्हणून टोफू सगळा एकदम न घालता पाळीचं माप येईपर्यंत थोडा थोडा घालायचा. आपल्याकडे सहज मिळणारा टोफू पनीरसारखा घट्ट असतो. तो थोड्या दुधाबरोबर मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढला की चालतो. तयार मिश्रणाऐवजी मैदा १२५ ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा आणि मिठाची चिमूट.

चिकट तांदूळ भारतात पिकत नाही असं मात्र कुणी समजू नये. आसामचा बोरा तांदूळ याच जातकुळीतला, तिथल्या बिहूच्या पिठ्यांचा जीव. मणिपूरचा काळा, सुवासिक चाक-हाओही चिकटच, आणि २०२० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बोरा तांदूळ हाती लागला तर तो रात्रभर भिजवून, निथळून, सावलीत जरा सुकवून मिक्सरवर दळायचा आणि वस्त्रगाळ करायचा. अनारशाचं पीठ करणाऱ्या हातांना यात नवीन काही नाही. चाक-हाओच्या पिठाने डोनट जांभळा होतो, तो रंग दिवाळीच्या ताटात सुरेख दिसेल.

यातलं काहीच मिळालं नाही तर पुन्हा ब्राझीलच्या वाटेने जावं. आपल्या घरात टॅपिओका स्टार्च असतोच, फक्त तो मोत्यांच्या रूपात असतो. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, आणि त्याचं मोठं केंद्र तामिळनाडूतलं सेलम. साबुदाणा कोरडाच, अगदी मंद आचेवर थोडा गरम करून बारीक दळला आणि चाळला, तर मैद्यात एकास दोन या प्रमाणात घालता येतो. साबुदाण्याचा स्टार्च करतानाच अर्धवट शिजलेला असतो, त्यामुळे पाणी जास्त लागतं आणि कणिक पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवावी लागते. तांदळासारखा मऊ ताण त्याला येत नाही, रबरासारखा जरा जास्त येतो. तरीही पिठीपेक्षा तो कितीतरी बरा, आणि मिस्टर डोनटच्या मूळ डोनटच्या जवळचाही.

हवाई आणि कॅलिफोर्नियात या डोनटने वेगळीच वाट धरली, कारण कॅलिफोर्नियात जपानी शेतकऱ्यांनी चिकट तांदूळ स्वतः पिकवला. फुकुशिमाहून गेलेल्या कोदा केइसाबुरो यांनी १९२८ पासून कॅलिफोर्नियात भातशेती उभी केली. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना तारांच्या कुंपणात डांबलं गेलं, त्यात हे कुटुंबही कोलोरॅडोतल्या आमाची छावणीत होतं. परत आले तेव्हा त्यांची बरीचशी जमीन आणि गिरणी गेलेली होती. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि निळ्या ताऱ्याच्या छापाचं मोचिको त्या किनाऱ्यावर घराघरांत पोहोचवलं. हवाईची नारळाच्या दुधातली बटर मोची, आणि आज अमेरिकेत रंगीत पाकात बुडवून विकले जाणारे मोची डोनट, या पिठाशिवाय झाले नसते. तिकडे आज हा डोनट एक फॅशन म्हणून विकला जातो, पण त्याच्यामागे कुंपणाआडून परतलेल्या एका शेतकरी घराण्याचे कष्ट आहेत, आणि ते माहीत असावेत असं मला फार वाटतं.

करणाऱ्यांसाठी शेवटचं, साठवणीचं. फ्रिजमध्ये ठेवू नये. शून्याच्या जरा वरच्या गारव्यात स्टार्चच्या साखळ्या सगळ्यात लवकर घट्ट बसतात, त्यामुळे सकाळचा मऊ डोनट संध्याकाळी फ्रिजमधून दगड होऊन निघतो. त्याच दिवशी खायचे ते झाकून बाहेरच ठेवावेत. पाहुणे दोन दिवसांनी येणार असतील तर पाक न लावता, पूर्ण गार झाल्यावर एकेक कडं गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये ठेवावं, कारण गोठल्यावर ही हालचाल थांबते. खाण्याआधी मायक्रोवेव्हमध्ये अर्धं मिनिट, किंवा मंद तव्यावर झाकण ठेवून गरम करावं, आणि पाकात तेव्हा बुडवावं.